एसटीत कोणी मुलीला त्रास देत असेल तर मध्ये कसं पडायचं, हे शिकवण्याची गोष्ट आहे का?

खाडीकाठची
आमच्या तालुक्यातल्या एका कॉलेजात मागच्या महिन्यात दोन तासांचं शिबिर झालं. गाडीत, स्टँडवर, बाजारात कोणी एखादीला छळत असेल तर बघणाऱ्याने स्वतः मार न खाता काय करायचं, एवढाच विषय. त्यावर गावात बरीच टिंगल झाली, म्हणून इथे विचारतेय. माझं मत आधीच सांगते, हे शिकवायला हवं आणि मुलींआधी मुलग्यांना शिकवायला हवं.

अमेरिकेत २००५ साली सुरू झालेली हॉलाबॅक नावाची संस्था आहे, आता तिचं नाव राईट टू बी. त्यांचे पाच मार्ग जगभर शिकवतात. लक्ष दुसरीकडे वळवायचं, दुसऱ्या कोणाची मदत घ्यायची, नोंद ठेवायची, नंतर त्या मुलीची विचारपूस करायची आणि अगदी गरज पडली तरच थेट त्या माणसाशी बोलायचं. शिबिरात दोन खुर्च्या जोडून एसटीची सीट केली होती. एका मुलाला सांगितलं, त्या माणसाकडे बघायचंसुद्धा नाही, सरळ मुलीला विचारायचं, "ताई, ही गाडी चिपळूणला स्टँडात जाते की बाहेरूनच?" एवढं साधं, पण त्या पोराला जमेना हो! सारखा हात समोरच्याच्या कॉलरकडे. तीनदा करून घेतलं तेव्हा कुठे जमलं. आता हे आपोआप येत असतं तर तीनदा कशाला करावं लागलं असतं?

गजालीमास्तर
शहरातली थेरं. आमच्याकडे एसटीत म्हातारी बसलली असता ना, ती तेका फकस्त इचारता, "खंयचो रे तू? कोणाचो झील?" काम झाला! वाडी, बापूस, मामा सगळा बाहेर येता आणि गडी पुढच्या थांब्यार उतरता. तेका कसला शिबिर आणि कसले पाच मार्ग. अमेरिकेत शेजाऱ्याक शेजारी वळखणा नाय म्हणान तेंका ह्या शिकवचा लागता.

नाटेकरीण
मास्तर, तुमची म्हातारी मला मान्य आहे, पण ती पुढचा प्रश्न कोणाला विचारते ते पण सांगा ना. "आणि तू कोणाची गो?" मग मी घरी पोचायच्या आत बातमी घरात, आणि आई म्हणणार उद्यापासून संध्याकाळची गाडी नको, क्लास बंद. तो उतरला पुढच्या थांब्याला, त्याचं काय गेलं? माझं वर्ष गेलं. आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुली म्हणूनच घरी काही सांगत नाहीत.

आणि सीझनमध्ये तारकर्लीला, गणपतीपुळ्याला गाड्या भरभरून येतात त्यांना काय विचारणार, कोणाचो झील? तो सांगेल पुण्याचा, मग?

मला विचाराल तर कोणी हिरो नकोय. शेजारी येऊन बसा, "सरका जरा" म्हणा, बस्स. आणि उतरल्यावर "बरी आहेस ना, सोबत येऊ का?" एवढं विचारा. आणि मी नको म्हटलं तर खरंच नका येऊ.

डबलबेल
कंडक्टरकी करून रिटायर झालोय म्हणून बोलतो. लोक आम्हाला सांगतच नाहीत. पन्नास माणसं बघत असतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी सांगेल. मागून मोघम "ओ कंडक्टर, बघा काय चाललंय" ओरडून उपयोग नाही, गर्दीत मला काय दिसणार, जवळ येऊन हळू सांगा की डाव्या बाजूला चौथी सीट, निळा शर्ट. मग तिकीट बघायचं निमित्त करून मी तिथे जातो, मुलीला पुढे आणून बसवतो. फारच झालं तर गाडी सरळ पोलीस स्टेशनला. पण तेव्हा जे ओरडतात ना, "आमची रत्नागिरीची ट्रेन चुकेल", ते तुमच्या-आमच्यातलेच असतात, हे पण लिहून ठेवा. गाडी थांबली की मुलीलाच बोल लावणारे पण पाहिलेत. तेव्हा शिबिर घ्यायचंच तर त्या पॅसेंजर लोकांचं घ्या.

खाडीकाठची
काका, तुम्ही म्हणता ते 'दुसरा सांगेल' अगदी मोजलेलं आहे. डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रयोग छापला. शेजारच्या खोलीतल्या माणसाला फीट आल्याचं ऐकू येतं, आणि आपण एकटेच ऐकतोय असं वाटलं तेव्हा ८५ टक्के लोक वेळेत मदतीला उठले, अजून चौघे ऐकतायत असं वाटलं तेव्हा फक्त ३१ टक्के. म्हणून शिकवतात की मोघम हाक मारायचीच नाही, एकाला बोट दाखवून सांगायचं, चष्मेवाले काका, तुम्ही ११२ लावा, म्हणजे पोलिसांच्या मदतीचा नंबर.

साधा_माणूस
आकडे छान आहेत. मुंबईत अंबोलीला २०११ मध्ये कीनन सँतोस आणि रुबेन फर्नांडिस मैत्रिणींना त्रास देणाऱ्यांना अडवायला गेले, दोघांचाही जीव गेला. आरोपींना जन्मठेप झाली ती २०१६ मध्ये. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, त्याला मी असल्या शिबिराला पाठवणार नाही, तुम्ही मला भित्रा म्हणा. कोयते काय फक्त मुंबईतच असतात का?

खाडीकाठची
भित्रा कोण म्हणेल. पण म्हणूनच तर शिकवायचं ना? थेट जाणं त्या पाचांत सगळ्यात शेवटी ठेवलंय. आधी चार मार्ग आहेत हेच आपल्याला माहीत नसतं, आपल्याला दोनच माहीत, राडा नाहीतर खिडकीबाहेर बघणं.

साधा_माणूस
म्हणजे ते दोघे चुकले असं म्हणायचंय? शिबिर नव्हतं म्हणून मेले? असं बोलू नका. मारणारे चुकले.

खाडीकाठची
नाही, तसं अजिबात नाही. मारणाऱ्यांचीच चूक. तुमच्या मुलाकडे राड्याशिवाय अजून काही करण्यासारखं असावं एवढंच म्हणतेय.

वकिलीणबाई_कुडाळ
दोन गोष्टी, कारण लोक साक्षीला घाबरूनच गप्प बसतात. नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९) बाईला आणि साठीच्या वरच्या माणसाला जबाबासाठी पोलीस स्टेशनात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. तेव्हा मास्तर, तुमची म्हातारी निर्धास्त. दुसरं, गुन्हा कुठल्याही स्टेशनला नोंदवता येतो, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. ट्रेनमध्ये असाल तर रेल्वेचा मदतीचा नंबर १३९.

आणि व्हिडिओवाल्यांनो, कृपा करा. कोणीतरी मदतीला गेलेलं असेल तरच काढा, जागा, वेळ, गाडी नंबर बोलून ठेवा, आणि तो त्या मुलीला द्या. गावच्या ग्रुपवर टाकायचा नाही. तिचा चेहरा सगळ्या वाडीने बघितला की छळ दुसऱ्यांदा होतो.

गजालीमास्तर
ता व्हिडिओचा खरा हा. पण माझा म्हणणा तसाच आसा, लाज वाटाक वळख लागता. वळख नसलल्यांक तुमचो चिपळूणचो प्रश्न इचारा, गावातल्याक म्हातारीच बरी.

नाटेकरीण
मग म्हातारीला पण शिबिराला बसवा. तिने त्याला विचारावं कोणाचा, मला विचारू नये. आणि ११२ लावायच्या आधी मात्र मला विचारा, अंगावर हात टाकला असेल तर गोष्ट वेगळी.

डबलबेल
हे शेवटचं मला पटत नाही. गाडी चालू असताना विचारत बसलो तर घाट संपतो आणि तो उतरून जातो. मी आधी फोन लावणार, मग विचारणार.

नाटेकरीण
आणि मी नाही म्हटलं तर? घरी काय सांगायचं ते तुम्ही येणार का सांगायला?

डबलबेल
येईन की. तुमच्या आईला मी सांगेन, संध्याकाळची गाडी चालू ठेवा म्हणून.