छोट्या टर्बो डिझेलला पाणी-मिथेनॉलचा फवारा: करावा की नको?

घाटकरी
मंडळी, गाडी २०११ची स्विफ्ट डिझेल, तेच १.३ मल्टीजेट इंजिन, ताकद ७५ पीएस. १ लाख ८० हजार किमी झालेत, दोन वर्षांपूर्वी रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकातल्या सेटिंग्ज बदलणं) करून घेतला. परवा चिपळूणहून कुंभार्ली घाट चढत होतो. पाच माणसं, डिकीत हापूसच्या सहा पेट्या, एसी चालू. मोबाइलवर ओबीडीचं (गाडीच्या संगणकाला जोडायच्या पोर्टचं) रीडिंग बघतो तर इंजिनात शिरणारी इनटेकची हवा ७८ अंश! मागे काळा धूर. एका बाइकवाल्याने ओव्हरटेक करताना माझ्याकडे जे बघितलं, ते अजून विसरलेलो नाही.

तर मनात असं आहे: टर्बोने दाबलेली गरम हवा गार करणाऱ्या इंटरकूलरनंतरच्या पाइपात नोझल, १२ व्होल्टचा पंप, डिकीत पाच लिटरची टाकी. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) ०.७ बारच्या वर गेला की निम्मं पाणी, निम्मं मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) असा फवारा सुरू. माझ्या मते आपल्या उन्हाळ्यात छोट्या टर्बो डिझेलला याहून स्वस्त उपाय नाही. विरोध करा, पण 'कंपनीने दिलं नाही म्हणजे नको' हे सोडून कारण द्या.

स्पॅनरमामा
कारण देतो. तू पेट्रोलवाल्यांचं औषध डिझेलला देतोयस. पेट्रोल इंजिन गरम हवेत नॉक करतं, म्हणजे ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण स्वतःहून भडकतं; पाणी मारलं की नॉक थांबतो, मग बूस्ट आणि ठिणगीचं टायमिंग वाढवता येतं. बीएमडब्ल्यूने एम४ जीटीएसमध्ये तेच केलं, पण ते पेट्रोल इंजिन. डिझेल मुळात दाबाच्या उष्णतेवरच पेटतं, तिथे कुठला नॉक वाचवणार? नुसत्या पाण्याने एक पीएससुद्धा वाढत नाही. वाढली तर ती मिथेनॉल जळल्यामुळे. म्हणजे तू मागच्या दाराने इंधन ओततोयस आणि ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) त्याचा पत्ता नाही.

वाफाळलेला
मामा, ताकदीबद्दल मान्य. पण घाटकरींची तक्रार उष्णतेची आहे. हे इंजिन पूर्ण ताकदीवर मिनिटाला साधारण पाव लिटर डिझेल पितं आणि पाचेक किलो हवा ओढतं. त्यात मिनिटाला ६० मिली पाणी सोडलं तर त्याची वाफ व्हायला दीडशेच्या आसपास किलोज्यूल लागतात. कागदावर हवा तीसेक अंशांनी उतरते. शिवाय ज्वालेचं टोकाचं तापमान खाली येतं, नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. मोठ्या जहाजी डिझेल इंजिनांत त्यासाठीच पाणी वापरलं गेलंय. एक्झॉस्ट थंड राहिला तर टर्बोलाही बरंच की.

दमट_हवा
कागदावर! चिपळूणला मे महिन्यात अंगावरचा घाम वाळत नाही, तिथे पाइपात पाणी वाळणार? बाहेरची हवाच वाफेने भरलेली, त्यात टर्बो तिला दाबतो, म्हणजे ती आणखी लवकर तृप्त होते, जास्त वाफ मावत नाही. तीस अंश सोडा, पंधरा-वीस मिळाले तरी पेढे वाटा. उरलेलं पाणी थेंबाच्या रूपात सिलिंडरमध्ये जाऊन तिथे वाफ होणार. ज्वाला थंड होईल हे खरं, पण तुमच्या मोबाइलवरचा आकडा फारसा हलणार नाही. सोलापूरकराने हा धागा काढला असता तर मी गप्प बसलो असतो.

घाटकरी
म्हणूनच तर मिथेनॉल. हवेत पाण्याची वाफ कितीही असो, मिथेनॉल उडायला अडत नाही. ६५ अंशांनाच उकळतं ते.

स्पॅनरमामा
उडतं रे, पण पुढे काय? आपल्या डिझेलचा सीटेन (स्वतःहून पेटायच्या तयारीचा आकडा) किमान ५१ असतो, मिथेनॉलचा पाचच्या घरात. स्वतःहून पेटायला ते नाखूश. हवेत मिसळून आत बसून राहतं आणि डिझेल पेटलं की सगळं एकदम भडकतं. थोडं असेल तर चालून जातं. जास्त झालं की कडक टकटक ऐकू येते, ती हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) जाण्याची घंटा समज. आणि अर्ध्या लोडवर फवारा चालू राहिला तर न जळताच बाहेर. ०.७ बारचा साधा स्विच म्हणजे बंद किंवा चालू, मधलं त्याला काही कळत नाही.

वाफाळलेला
मग स्विच नको, बूस्टप्रमाणे पंपाचा वेग बदलणारा कंट्रोलर घ्या. मिथेनॉल निम्मं कशाला, पाव ठेवा.

मिशिगनमराठी
इकडचा अनुभव. हिवाळ्यात काच धुवायचं जे निळं पाणी मिळतं, त्यातच मिथेनॉल असतं. पेट्रोल पंपावर, वाण्याकडे, कुठेही. पिकअप ट्रकवाले तेच टाकीत ओततात. घटक वाचून घ्यायचं, बस. तरी इथलाच एक किस्सा: १९६२ साली ओल्डस्मोबिल जेटफायर ही टर्बो गाडी पाणी-मिथेनॉलची वेगळी टाकी घेऊन आली. टाकी संपली की बूस्ट आपोआप कमी व्हायचा. लोक टाकी भरायचे विसरायचे आणि गाडी ओढत नाही म्हणून डीलरच्या डोक्यावर बसायचे. पुढे कंपनीने कित्येकांच्या गाड्यांतला टर्बोच काढून दिला. तुमचा पंप निदान भरवशाचा असू द्या.

मालाडची_मी
निळ्या पाण्याचं कौतुक तिकडे ठेवा. जून २०१५ला आमच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. दहा मिली पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात. विकायला परवाना लागतो तो उगाच नाही. तुम्ही ते पाण्याच्या बाटलीत आणणार, डिकीत ठेवणार आणि मागे पोरं बसणार? वर दिवसाउजेडी त्याची ज्योत धड दिसतही नाही. गळतंय कुठे, पेटलंय कुठे, हात भाजेपर्यंत समजायचं नाही.

घाटकरी
ताई, हा मुद्दा मनाला लागला. पोरं खरंच मागेच बसतात. नुसतं पाणी ठेवू का मग?

काळा_कोट
ठेवा, पण कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांना आडवं येतं, आणि १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंड भरून सुटाल. उद्या गाडीने पेट घेतला आणि सर्व्हेयरला डिकीत टाकी दिसली, तर विम्याचं काय ते तुम्हीच ठरवा. (रीमॅपबद्दल मी काही वाचलेलं नाही.)

दुसरा_गिअर
माझ्या मेहुण्याने नुसतं पाणीच लावलं होतं. सोलेनॉइड (पाणी अडवणारा विजेचा व्हॉल्व्ह) नीट बंद होत नव्हता. रात्रभर गाडी उतारावर, टाकी वर, नोझल खाली. पाणी पाइपात थेंबथेंब साठलं. सकाळी स्टार्टर मारला, 'टक्' करून थांबला. पाणी काही दाबलं जात नाही. एक कनेक्टिंग रॉड वाकला. टाकी नेहमी नोझलच्या खाली बसवा, एवढंच सांगतो.

स्पॅनरमामा
घाटकरी, एक विचारू? बंपर शेवटचा कधी काढला होतास? ७८ अंश आणि काळा धूर एकत्र, म्हणजे हवा कुठेतरी पळतेय. टर्बो ती भरून काढायला जास्त फिरतो आणि जास्त तापवतो. पंपाआधी इंटरकूलर आणि होज बघ.

घाटकरी
रविवारी बंपर काढला. इंटरकूलरच्या खालच्या होजला क्लिपच्या आतल्या बाजूला बोटभर चीर, भोवती तेलकट काळा डाग. फिन्समध्ये दोन पावसाळ्यांचा चिखल आणि एक फुलपाखरू. उलटा केल्यावर आतून अर्धी वाटी तेल निघालं. रॉकेल मिळालं नाही म्हणून डिझेलने धुतला, दोन दिवस वाळवला, होज नवा. काल पुन्हा कुंभार्ली, या वेळी पेट्या नव्हत्या पण माणसं तेवढीच. ६१ अंश. धूर नाही.

हसू नका मामा. पंप अजून कार्टमध्येच आहे.

स्पॅनरमामा
असू दे कार्टमध्ये. अर्धी वाटी तेल म्हणालास ना? टर्बोच्या शाफ्टचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघितलास का?