जुनी ऑक्टाव्हिया व्हीआरएस रोजच्या वापराला

७०,००० किमी झालेली २०१७ ची व्हीआरएस (स्कोडा ऑक्टाव्हियाची जास्त ताकदीची, स्पोर्टी आवृत्ती) रोज ऑफिसला न्यायला चालेल का, या प्रश्नावर थोडी भर. चालेल, पण सर्वात आधी गिअरबॉक्सच्या तेलाचं बिल मागा. या २३० बीएचपीच्या गाडीत सहा गिअरचा वेट क्लच डीएसजी आहे, म्हणजे तेलात बुडालेल्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याचं तेल आणि फिल्टर ६०,००० किमीला बदलायचे असतात. बिल नसेल तर तो खर्च किमतीतून सरळ वजा करा.

दुसरं दुखणं कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट (कूलंटचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) यांचं हाउसिंग प्लॅस्टिकचं असतं, उष्णतेने ते वाकतं आणि झिरपतं. गळती इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या भागाखाली) लपते, म्हणून टॉर्च मारून वाळलेले गुलाबी डाग शोधा. कूलंटच्या टाकीतली पातळी इंजिन पूर्ण थंड असतानाच बघा.

रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल) झालाय का, हे मालकाच्या तोंडी उत्तरावर सोडू नका, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) स्कॅन करून घ्या. वाढवलेला टॉर्क क्लच आणि टर्बो दोन्ही लवकर खातो. टेस्ट ड्राइव्ह थंड इंजिनावरच सुरू करा. विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. रिमची आतली कडाही लिफ्टवर तपासा, खड्ड्यांनी ती वाकलेली असू शकते.