सिडनीच्या नॉर्थ हेडवर व्हीलचेअर : फेअरफॅक्स वॉक जमेल का? नाशिकहून काय तयारी करावी?

गंगापूररोडची_सून

नमस्कार मंडळी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सिडनीला दिरांकडे जातोय, सोबत सासूबाई आहेत. वय ७४, वजन ६२ किलो, अर्धांगवायूनंतर डावी बाजू अधू. धरून उभं केलं तर तीन-चार पावलं टाकतात, पायरी चढत नाहीत. खुर्ची साधी, घडीची, लोखंडी, १८ किलोची. मागची चाकं २४ इंची, टायर भरीव.

त्यांची एकच इच्छा आहे, समुद्र कड्यावरून, उंचावरून बघायचा. सिडनीच्या मॅनली या उपनगराजवळ नॉर्थ हेड हे कड्याचं टोक आहे, तिथली फेअरफॅक्स वॉक ही वाट व्हीलचेअरला चालते असं कळलं. विचारायचं असं की :

वाट खरंच बिनपायरीची आहे का, आणि चढ किती? ढकलणारी बहुतेक मी एकटीच असेन, माझं वजन ५२ किलो. मॅनलीला बोटीने जावं की सरळ गाडीने? आणि खुर्चीचं इथेच, निघायच्या आधी, काय काय बघून घ्यावं? साडी सोडून दुसरं काही त्या नेसत-घालत नाहीत, तेही सांगून ठेवते.

सिडनीवारी

ताई, जमेल. वाट साधारण १ किलोमीटरची आहे, गोल फिरून परत गाडीतळाशी येणारी. पूर्ण पक्की, पायऱ्या नाहीत. मधे हलके चढ-उतार आहेत. थांबत-थांबत पाऊण ते एक तास धरा.

बघायच्या जागा मुख्यतः दोन. बुरागुला इथून बंदराचं तोंड, समोरचं साउथ हेड आणि लांबवर शहराच्या इमारती दिसतात. साउथ हेडच्या टोकावर लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचं छोटं दीपगृह आहे ना, ते हॉर्नबी, १८५८ सालचं. आदल्या वर्षी डनबार नावाचं जहाज याच कड्यांवर फुटून १२१ माणसं गेली, एकच वाचला. त्यानंतर ते बांधलं. सासूबाईंना आधी एवढं सांगून ठेवा, म्हणजे नजर तिथे आपोआप जाईल. दुसरी जागा यिनिंगमा, तिथे खुला समुद्र आणि सरळ तुटलेला कडा. आपल्या सह्याद्रीसारखा काळा बसाल्ट नाही, पिवळट-तपकिरी वालुकाश्माचे थरावर थर. हे थर पाहायला दुर्बीण लागत नाही.

जुलै म्हणजे तुमचं नशीब. हंपबॅक देवमासे मे ते ऑगस्टच्या सुमारास किनाऱ्याने उत्तरेकडे सरकत असतात. आधी मासा शोधू नका, पाण्यावर उडणारा पांढरा फवारा शोधा. दुर्बीण न्यायचीच तर ८ पटीची न्या. १० पटीची वाऱ्यात फार हलते, आणि एका हाताने धरणाऱ्या माणसाला तर निरुपयोगीच.

वेळेबद्दल नीट वाचा. तिकडे जुलैत सूर्य दुपारी उत्तरेला असतो, आपल्या सवयीच्या उलट. म्हणजे साउथ हेडकडे बघताना तो पाठीमागे राहतो, आणि दुपारी पश्चिमेला कलला की समुद्राकडे बघतानाही पाठीमागेच. सकाळी मात्र समुद्रावरची चकाकी थेट डोळ्यांत येते. म्हणून १२.३० ते २.३० ही वेळ उत्तम. सूर्यास्त पाचच्या सुमारास होतो, आणि टोकाकडे जाणाऱ्या रस्त्याचं फाटक संध्याकाळी बंद होतं. उशीर करू नका. दुपारी १६-१७ अंश असेल, पण वारा पश्चिमेचा आणि बोचरा. नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटेचे कपडे न्या.

एक सावधगिरी. नॉर्थ हेडवरच्या सगळ्याच वाटा अशा नाहीत. शेली बीचकडून वर येणारी ब्लूफिश वाट पायऱ्यांची आहे. नकाशात दोन्ही जवळजवळ दिसतात, आणि फोन कधीकधी चालायची जवळची वाट म्हणून तीच दाखवतो. रस्त्यानेच टोकापर्यंत जा, सीनिक ड्राइव्हच्या शेवटी.

चाकवाला_सातपूर

खुर्चीचं मी सांगतो. आधी चढाचा हिशोब, कारण भीती त्याचीच असते.

सासूबाई ६२ आणि खुर्ची १८, एकूण ८० किलो. ऑस्ट्रेलियात लांब रॅम्पला जास्तीत जास्त १:१४ चढ (१४ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर) मान्य आहे, आपल्याकडे १:१२. १:१४ वर ढकलायला ८० भागिले १४, म्हणजे साधारण ५.७ किलोचा जोर, वर चाकांच्या घर्षणाचा किलो-दीड किलो. सात-सव्वासात किलो धरा. थोडा वेळ हे कुणालाही जमतं. पण तोच चढ १:७ झाला की साडेअकरा अधिक घर्षण, तेरा किलो. तिथे ५२ किलोच्या माणसाचे पाय घसरायला लागतात, हात दमायच्या आधी.

हे घरीच मोजून बघा. गवंड्याकडची पाणसळ आणि बरोबर एक मीटरची सरळ पट्टी घ्या. पट्टीचं वरचं टोक रॅम्पवर टेकवा, बुडबुडा मधोमध येईपर्यंत दुसरं टोक उचला, आणि त्या टोकाखालची पोकळी मोजा. ७ सेंटिमीटर आली तर १:१४. ८.३ आली तर १:१२. १४ आली तर १:७. सोसायट्यांचे रॅम्प बऱ्याचदा या शेवटच्या गटात असतात, कारण ते मोटारसायकल चढवायला केलेले असतात. अशा रॅम्पवर दम लागला म्हणून नॉर्थ हेड रद्द करू नका.

आता खुर्ची. जमिनीवर रिकामी ठेवा, हळूच ढकला आणि हात सोडा. तीन-चार मीटरमध्ये एका बाजूला वळत असेल तर पुढच्या छोट्या चाकांपैकी एकाचं बेअरिंग धरलेलं आहे, किंवा ते चाक धरणारा काटा वाकलाय. ते चाक उचलून फिरवा. दोन-तीन फेऱ्यांत थांबलं तर खोला. नव्वद टक्के वेळा आसावर केस आणि साडीचे धागे गुंडाळलेले सापडतात. कात्रीने कापा, पुसा, ग्रीसचं बोट लावा. हे कुठलाही सायकलवाला करून देईल.

ब्रेक : दोन्ही लावा, सासूबाई बसलेल्या असताना ढकला. चाक फिरायला नको, टायर जमिनीवर घासला तर चालेल. भरीव टायर झिजला की ब्रेकची पट्टी टायरपर्यंत नीट पोचत नाही. बैठकीखालचा ब्रेकचा बोल्ट सैल करा, ब्रेक दोन-तीन मिलिमीटर मागे सरकवून परत घट्ट करा. आणि हा ब्रेक उभ्या खुर्चीसाठीच आहे. उतारावर चालत्या खुर्चीचा ब्रेक ओढला की एक बाजू आधी धरते, खुर्ची गर्रकन वळते.

फूटरेस्ट जमिनीपासून निदान ५ सेंटिमीटर वर हवं. कमी असलं तर रॅम्प संपतो त्या कोपऱ्यात ते टेकतं आणि बसलेलं माणूस पुढे फेकलं जातं.

फटी आणि उंबरे : फळ्यांच्या किंवा जाळीच्या फटीवरून जाताना नेहमी काटकोनात. तिरकं गेलात की छोटं चाक फटीत फिरून अडकतं. उंबरा आला की मागच्या नळीच्या टोकावर पाय दाबा, हँडल खाली ओढा, पुढची चाकं उचलून पलीकडे ठेवा, मग मागची मोठी चाकं ढकला. ही एकच क्रिया कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकच्या कडेला वीस वेळा करा, हात बसेल.

बोट की गाडी? दोन्ही चालेल. सिडनी शहरातल्या सर्क्युलर क्वे धक्क्यावरून मॅनलीची बोट साधारण अर्ध्या तासाची, आणि बंदराच्या तोंडापाशी जाते, म्हणजे ज्या कड्यावर जायचंय तो आधी खालून दिसतो. मी तर बोट सोडणार नाही. फक्त भरती-ओहोटी बघा. ओहोटीला बोट खाली जाते आणि चढायचा फळा तीव्र होतो. तिथे उतरताना खुर्ची उलटी करा. तुम्ही खाली, पाठ उताराकडे, सासूबाईंचं तोंड वर. धक्क्यावरची माणसं मदत करतात, आधी सांगा. मॅनलीहून १६१ नंबरची बस नॉर्थ हेडला जाते. ड्रायव्हर पुढच्या दाराशी फळा टाकतो. तो आखूड म्हणून चढ जास्त, पण जेमतेम दोन पावलांचा. बसमधली खुर्चीची जागा ८० बाय १३० सेंटिमीटर असते. तुमची खुर्ची फूटरेस्टसकट मोजून बघा, बहुधा ११० च्या आत भरेल. बस वारंवार नाही, परतीची वेळ आधी बघून ठेवा.

फिजिओ_कॉलेजरोड

वरचं सगळं बरोबर आहे. पण डावी बाजू अधू असलेल्या माणसाचं वेगळं सांगायला हवं, कारण अपघात चढावर कमी आणि इथे जास्त होतात.

डावा हात. त्याला जाणीव कमी असते, तो हळूहळू खुर्चीच्या हातावरून घसरतो आणि चाकाच्या बाजूला लोंबतो. खुर्ची चालू असताना बोटं आऱ्यांत जातात आणि त्यांना कळतही नाही. मांडीवर घट्ट उशी ठेवा, हात तिच्यावर तळवा खाली करून, आणि मऊ ओढणीने सैल बांधा. गाठ उजव्या हाताने सुटेल अशी असावी. हातमोजा डाव्या हाताला आधी घाला. गार वाऱ्यात तो हात लवकर थंड पडतो, त्यांना जाणवत नाही.

डावा पाय. तो फूटरेस्टवरून मागे घसरून छोट्या चाकात जातो. पोटऱ्यांच्या मागे एक रुंद पट्टा लावा, खुर्चीबरोबर आलेला नसला तर वेल्क्रोचा शिवून घ्या.

साडी. निऱ्या खाली लोंबतात तिथेच पुढची चाकं आहेत. बसवल्यावर निऱ्या गुडघ्यांच्या मधे गोळा करा, घोट्याच्या वर एक मोठी सेफ्टी पिन, मग त्यावर चादर, आणि चादरीच्या कडा मांडीखाली खोचा. चादर बाजूंनी सोडली तर वारा तिला थेट मोठ्या चाकात नेईल. पदर उजव्या बाजूने पुढे घेऊन कमरेला खोचा. शाल नको, स्वेटर द्या.

कठड्याशी कसं उभं करायचं ते सांगते. सरळ तोंड करून नेलंत तर फूटरेस्टमुळे त्या कठड्यापासून हातभर लांब राहतात, आणि बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून सव्वा मीटरच्या आतच असते. मग कठड्याची पट्टी नेमकी क्षितिजावर येते. खुर्ची कठड्याला समांतर लावा, उजवी बाजू समुद्राकडे. तशा त्या कठड्याला खेटून बसतील आणि चांगला हात कठडा धरेल. अर्धांगवायूनंतर काहींचं डावीकडे लक्षच जात नाही. तसं असेल तर उजवीकडे समुद्र असणं फार मोलाचं. दोन्ही ब्रेक लावा, मगच हात सोडा.

दर अर्ध्या तासाला त्यांना उजव्या हाताने टेकून किंचित उचलायला लावा, किंवा तुम्ही पुढे वाकवा, दोन मिनिटं. गाडीत बसवताना खुर्ची अशी लावा की सीट त्यांच्या उजव्या हाताला येईल. चांगल्या बाजूकडे सरकणं नेहमी सोपं.

लघवीला वर जायच्या आधी मॅनलीच्या धक्क्यावर नेऊन आणा.

ओझर_उड्डाण

विमानाचं थोडक्यात. तिकिटावर खुर्चीचे तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही, पायऱ्या येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या येत नाहीत, पण आत सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंतही न्यावं लागतं. तीन-चार पावलांवाल्या माणसाला तिसरा प्रकारच घ्या. एजंट सवयीने पहिला टाकतात, आणि मग दाराशी अडतं. निदान ४८ तास आधी एअरलाइनकडून खात्री करा. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत न्या, तिथे सोपवताना गादी आणि फूटरेस्ट काढून आत घ्या. मोकळे भाग हरवतात. चारही बाजूंनी फोटो काढा.

आणि माती! ऑस्ट्रेलिया याबाबत फार कडक आहे. चाकांना, टायरच्या खाचांत, फूटरेस्टखाली माती असेल तर उतरल्यावर थांबवतात. निघायच्या आदल्या दिवशी खुर्ची साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासा, छोट्या चाकांच्या काट्याच्या आतून सुद्धा, आणि पूर्ण वाळवा. घरची द्राक्षबाग असेल किंवा गेल्या ३० दिवसांत शेतात, गोठ्यात, नदीकाठी गेला असाल तर ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या कार्डावर "होय" लिहा. "होय" लिहिलं की तपासून सोडतात, लपवलं की दंड. लाडू-चिवड्याचंही तसंच, जे असेल ते दाखवा.

कोकणवाट

सिडनीला न जाणाऱ्यांसाठी एक ओळ. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा कड्याखालून जाते, पण खडकात कोरलेल्या पायऱ्यांची आणि भरतीला बंद, त्यामुळे खुर्चीला नाही. नाशिकहून पेठ-कपराडामार्गे दमण गाठा. देवकाचा समुद्रकाठचा रस्ता २०२३ मध्ये झाला, साडेपाच किलोमीटरच्या आसपास, सपाट. कडा नाही, पण समुद्र सलग दिसतो.

गंगापूररोडची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या रॅम्पची पोकळी १३ सेंटिमीटर भरली, म्हणजे रोज मी जवळजवळ १:८ ढकलतेय! एकच राहिलं : त्या दिवशी पाऊस आला तर?

चाकवाला_सातपूर

मग वर जाऊ नका. ओल्या भरीव टायरवर ब्रेकची पट्टी सरकते, आणि ओल्या हँडलवर पकडही राहत नाही. त्याऐवजी मॅनली बीचवरून शेली बीचपर्यंतची किनाऱ्यालगतची पक्की वाट करा, साधारण किलोमीटरभर, जवळजवळ सपाट. पाऊस वाढला तर तिथून लगेच मागे वळता येतं. आणि १:८ रोज ढकलताय तर १:१४ ची काळजी सोडा. हँडलचे रबर मात्र नवे बसवून घ्या, जुने फिरतात.

सिडनीवारी

आणि नॉर्थ हेडचा दिवस पहिल्याच आठवड्यात ठेवा. पाऊस-वाऱ्याने हुकला तर दुसऱ्यांदा जायला हाताशी दिवस राहतात.