रसायनं बदलली ती कुणाच्या धाकानं?

रावपुरेकर: काल इथे एकानं लिहिलं, "कंपन्या आता स्वतःहून सुरक्षित रसायनांकडे वळल्यात, त्यांचं कौतुक करा." वाचून डोकं तापलं. रंगकामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या सर्जननं १८९५ मध्येच सांगितलं होतं. कर्करोगकारक अमाईन रसायनं सोडणाऱ्या ॲझो या कृत्रिम रंगांच्या कपड्यांवर जर्मनीनं बंदी आणली १९९४ मध्ये. माल परत येईल म्हटल्यावर आपले रंगवाले हलले. शंभर वर्षं माहिती होतीच, धाक नव्हता.

शेडकार्ड: सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. माझं बडोद्याच्या मकरपुऱ्यात रंगाचं छोटं युनिट आहे. टोल्युइन हे उग्र वासाचं द्रावक सोडून पाण्याच्या बेसवर आलो तेव्हा कुणाची नोटीस नव्हती. ड्रम उघडला की पोरांचं डोकं गरगरायचं, घरी गेल्यावरही शर्टाला वास. पावसाळ्यात माल सुकेना, ओव्हन बसवावा लागला. आणि घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. काही मोठ्या कंपन्यांनी ते आधीच काढलं होतं. तो कुठला धाक?

दांडियाबाजारची वहिनी: रंगाचं निघालंच आहे तर गणपतीचं बोला! पीओपीवर चकचकीत ऑइलपेंट, आणि विसर्जनानंतर हात तुटलेल्या मूर्ती काठावर. आम्ही शाडूची आणतो, घरीच बादलीत विसर्जन.

मंडळवाला: वहिनी, दीड फुटाची मूर्ती बादलीत मावते. आमची नाही मावत. शाडूची तेवढी मोठी करून ट्रकमधून आणून दाखवा. दरवर्षी मंडळांनाच झोडपायचं, फटाक्यांवर कुणी बोलत नाही.

वहिनी: मोठी हवीच कशाला? २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळानं पीओपी नको म्हणून स्पष्ट सांगितलंय. बाप्पा उंचीनं मोठा होतो का?

मंडळवाला: भक्ती तुम्ही शिकवू नका.

पादऱ्याचा जावई: पुरे करा दोघं. सांडपाण्याचा कॅनॉल बडोद्याहून खंभातच्या आखाताकडे जातो तो पादरा, जंबुसर ओलांडून. सासऱ्यांच्या बोअरला तांबूस पाणी येतं, चहा काळा पडतो. बाटलीवर हिरवं पान छापणाऱ्यांनी ते पाणी एकदा पिऊन बघावं.

रावपुरेकर: हेच म्हणतोय मी. लेबल बदलतं ते गिऱ्हाइकासाठी. नाल्यात काय जातं ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून तिथे बदल शेवटी पोहोचतो. शेडकार्ड, तुमच्या पोरांचं डोकं गरगरलं ते तुमच्या डोळ्यांसमोर. पादऱ्याचं बोअर तुम्हाला दिसत नाही.

शेडकार्ड: हे लागलं. ठीक आहे, धाक हवा, मानलं. पण तो शेजारच्या शेडलाही सारखाच हवा. मी खर्च करून बदलायचं आणि गिऱ्हाइकानं किलोमागे चार रुपये वाचतात म्हणून जुनाच माल त्याच्याकडून उचलायचा, हे किती वर्षं चालवू? मागच्या महिन्यात अशीच एक ऑर्डर गेली. घेणारा बडोद्याचाच होता.