मदत हवी आहे: छताच्या थंड पत्र्यावरचा घाम, सिम्युलेशनमध्ये थेंबांऐवजी पापुद्रा येतोय

येरळाकाठ:
तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या दाराशेजारी छताच्या ॲल्युमिनिअम पत्र्याला पावसाळ्यात घाम फुटतो, थेंब खालच्या बॉक्सवर पडतात. किती उतार दिला तर ते पन्हळीकडे ओघळतील, हे पत्रा कापण्याआधी काढायचंय. हवा ३० अंश, आर्द्रता ७० टक्के, पत्रा १० अंश. ओपनफोममध्ये (प्रवाहाचं मोफत सिम्युलेशन सॉफ्टवेअर) व्हीओएफ (प्रत्येक सेल पाण्याने किती भरला ते मोजणारी पद्धत) आणि ली मॉडेल (वाफेचं पाणी किती होतं ते काढणारं सूत्र), मेश म्हणजे हिशेबाच्या चौकटी, सेल, ५० मायक्रॉनच्या. थेंब धरतच नाहीत, सलग पापुद्रा येतो. ली मॉडेलचा गुणांक बदलला की पाणीही बदलतं. कुठला आकडा खरा धरायचा?

सांगलीवाडी:
कुठलाच नको. ते मॉडेल तापमान किती उतरलं एवढंच बघतं. तुमच्याकडे वाफ हवेतून वाट काढत पत्र्यापर्यंत येते, किती पाणी जमणार ते त्या वाटेवर ठरतं. शिवाय सुरुवातीचा थेंब नॅनोमीटरच्या घरातला. ५० मायक्रॉनच्या सेलमध्ये तो दिसणारच नाही. सेल अर्धवट भरतात, शेजारच्यांना मिळतात, पापुद्रा होतो. मेश १० मायक्रॉनवर आणलीत तर पृष्ठताणामुळे टाइमस्टेप (हिशेबाची एक वेळपायरी) साधारण १ मायक्रोसेकंद लागेल, म्हणजे २० मिनिटांच्या घामाला १२० कोटी स्टेप. हा रस्ता सोडा, पायथनमध्ये थेंबागणिक हिशेब करा.

आधी पाणी हाताने काढा. तुमच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाखाली वाफेचं पाणी होतं) जवळपास २४ अंश. हवेत घनमीटरला २१.२ ग्रॅम वाफ, पत्र्यालगत ९.४. शांत हवेत उष्णतेचा गुणांक ५ (चौरस मीटरला, दर अंशाला ५ वॅट) धरला तर ल्युइसच्या संबंधातून (उष्णतेच्या गुणांकावरून वाफेचा काढायचं सूत्र) वाफेचा गुणांक सेकंदाला ४.६ मिमी येतो. म्हणजे तासाला चौरस मीटरवर सुमारे १९५ ग्रॅम.

मग १० मायक्रॉनचे थेंब कसेही विखरून पेरा आणि वाढवा. दोन टेकले की त्रिज्यांच्या घनांची बेरीज करून घनमूळ घ्या, केंद्र वजनाच्या प्रमाणात. नवा थेंब तिसऱ्याला टेकतो का, ते त्याच स्टेपमध्ये पुन्हा तपासा, नाहीतर थेंब एकमेकांवर चढतात. मोकळ्या जागेत परत पेरा.

येरळाकाठ:
केलं. प्रत्येक थेंबाला एकट्या थेंबाचं विसरणाचं (वाफ हवेतून पसरत येण्याचं) सूत्र लावलंय, पण पाणी अफाट येतंय.

सांगलीवाडी:
येणारच. शेजारचे थेंब त्याच वाफेचे वाटेकरी असतात. ०.१ मिमी त्रिज्येच्या थेंबांनी अर्धा पत्रा झाकलेला असताना ते सूत्र पन्नासपटीहून जास्त पाणी देतं. स्टेपचं एकूण पाणी १९५ ग्रॅमच्या हिशेबाने आधी ठरवा, मग थेंबांच्या पायाच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटा. जोडण्या सुरू झाल्यावर सरासरी त्रिज्या वेळेच्या सरळ प्रमाणात वाढली पाहिजे. वाढत नसेल तर चूक जोडणीच्या कोडमध्ये शोधा.

मिरज_जंक्शन:
उताराचं बघा. स्पर्शकोन (थेंबाची कड पत्र्याशी करते तो कोन) एक पुरत नाही. सिरिंजने थेंबात पाणी भरताना एक आणि ओढून घेताना दुसरा, असे दोन मोजा, तेही त्याच पत्र्यावर. तेलकट हात लागला की कोन बदलतो. ९५ आणि ४० अंश आले तर ३० अंश उताराला थेंब साधारण साडेतीन मिमी त्रिज्येला सरकतो. छताखाली एवढा मोठा थेंब सरकण्याआधी गळूनही पडेल, त्यामुळे नुसत्या उतारावर विसंबू नका. लेप देऊन कोन १०० आणि ९० वर आणले तर त्याच उताराला दीड मिमीलाच ओघळ सुरू होतो. माझ्या मते खर्च लेपावर करावा.

सिम्युलेशनचा तुकडा निदान १०० मिमी बाजूचा चौरस घ्या, २० मिमीत मोठे थेंब मावत नाहीत. तेवढाच खरा पत्रा १० अंशांवर तासभर ठेवून टिश्यूने टिपा आणि टिश्यू सोनाराच्या काट्यावर तोला. १.९ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. फार वेगळं आलं तर आधी ५ चा गुणांक बदला, थेंबांच्या कोडला हात लावू नका.