शब्दचर्चा: ‘स्टार्टअप कम्युनिटी’ मराठीत कशी लिहावी?

मुलुंडकर

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण मूळचे रत्नागिरीचे, नोकरीधंद्यासाठी मुंबई-ठाण्यात. रत्नागिरीत महिन्यातून एकदा जमायचं ठरतंय. तंत्रनिकेतनची मुलं, इंजिनिअरिंग करून घरी परतलेले, आंबा-काजू प्रक्रियेतले तरुण आणि इथून जाणारे आम्ही, अशी मंडळी असतील. निवेदन मराठीतच काढायचंय. मसुद्यात सध्या ‘रत्नागिरी नवउद्यमी समुदाय : परिसंस्था उभारणी उपक्रम’ असं आहे. तिथल्या एका वर्कशॉपवाल्या काकांनी ते वाचलं आणि विचारलं, “सरकारी योजना आहे का? अनुदान किती?” म्हणजे शब्द बदलायलाच हवेत. स्टार्टअप, कम्युनिटी आणि इकोसिस्टीम या तिन्हींवर मत हवंय.

परळची

‘स्टार्टअप’ आहे तसाच ठेवा. ‘नवउद्योग’ म्हटलं की कालच सुरू झालेली पिठाची गिरणीही त्यात येते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या अधिसूचनेत स्टार्टअप म्हणजे स्थापनेपासून १० वर्षांच्या आतली, वार्षिक उलाढाल १०० कोटींच्या वर न गेलेली आणि काही नवं करणारी किंवा झपाट्याने वाढू शकणारी संस्था, अशी व्याख्या होती. हा ‘वाढू शकणारी’चा अर्थ ‘नव’ या दोन अक्षरांत मावत नाही.

लिंगाचा घोळ मात्र सोडवून घ्या. ‘कंपनी’ मनात असली की लोक ‘ती स्टार्टअप’ म्हणतात, ‘उद्योग’ मनात असला की ‘तो’. दोन्ही चालतं, पण एका निवेदनात एकच. आणि ‘स्टार्टअप्सना’ नको, ‘स्टार्टअपना’ लिहा. मराठी प्रत्यय लागल्यावर तो इंग्रजी ‘स’ कशाला हवा?

दादरकर

मुलुंडकर, खरी अडचण ‘कम्युनिटी’ची आहे, त्यावर सविस्तर लिहितो.

‘समाज’ तर बादच. मराठीत त्याच्या आधी काहीतरी लावल्याशिवाय तो उभा राहत नाही आणि लावलं की ते बहुतेकदा जातीचं नाव असतं. ‘समूह’ मोठ्या घराण्यांच्या कंपन्यांनी घेतलाय. ‘समुदाय’ जमलेल्या लोकांचा असतो. सभेला प्रचंड जनसमुदाय येतो आणि सभा संपली की पांगतो. तुम्हाला तर न पांगणारी माणसं हवी आहेत.

‘मंडळ’वर थांबावंसं वाटतं. परळ-लालबागच्या चाळींत गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांच्या खोल्या होत्या. गावाहून पोरगा आला की त्याची ट्रंक त्या खोलीत ठेवायची, रात्री वळकटी पसरायला व्हरांड्यात जागा द्यायची, जेवणाची सोय खानावळीत. मिलमधला कुणी त्याच्यासाठी मुकादमाकडे शब्द टाकायचा. पुढे तोच पोरगा वर्गणी द्यायचा आणि त्या वर्गणीतून गावी शाळेची इमारत, देवळाचा सभामंडप उभा राहायचा. हातउसने पैसे मिळायचे, भिशी चालायची. आज ‘नेटवर्किंग’, ‘मेंटॉरशिप’, ‘सुरुवातीचं भांडवल’ म्हणून जे शिकवलं जातं ते सगळं त्या खोलीत होतं. तुमच्या रत्नागिरीच्या मुलांना नेमकं हेच हवंय: दुसऱ्याच्या ऑफिसात त्यांच्यासाठी शब्द टाकणारा माणूस. भव्य केंद्राचं उद्घाटन नंतर झालं तरी चालेल.

तरीही नाव ‘मंडळ’ ठेवू नका. मंडळ म्हटलं की अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार आले, पावतीपुस्तक आलं आणि दुसऱ्या वर्षी निवडणूक आली. चार कामाची माणसं त्यातच खर्ची पडतात. माझं मत ‘कट्टा’ला. कट्ट्याला सभासदत्व नसतं. यावं, बसावं, बोलावं, काम असेल तर उठावं. ठाण्याच्या अत्रे कट्ट्यामुळे या शब्दाचा टवाळपणाही गेलाय.

सायनचा कोल्हापूरकर

कट्टा उत्तम, पण त्याच्या आधी ‘उद्यम’ लावा. आमच्याकडे तो शब्द पुस्तकी नाही. कोल्हापुरात उद्यमनगर म्हणजे कुठे, हे रिक्षावाल्याला विचारा. लेथ, फाउंड्री, पॅटर्न बनवणारे, सुटे भाग करणारे, सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. एकाचं मशिन बंद पडलं तर शेजारचा त्याचा जॉब करून देतो. हे कुणी आखून झालं नाही, वर्षानुवर्षं शेजारी राहून झालं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचाही दाखला घ्या. मुंबईच्या व्हीजेटीआयमधली शिकवण्याची नोकरी सोडून ते बेळगावला गेले. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर त्यांनी कारखाना हलवला आणि त्याभोवती किर्लोस्करवाडी वसवली. नावात ‘वाडी’ आहे हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारखान्याबरोबर वस्तीही उभी राहिली.

पवईकर

इकोसिस्टीमबद्दल. हा शब्द टॅन्स्ली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये छापला. व्यवसायाच्या संदर्भात तो जेम्स मूरच्या १९९३ च्या लेखाने रुळवला. ‘परिसंस्था’ आपल्या शाळेच्या पुस्तकातून आलाय आणि पर्यावरणाच्या अर्थाने तो अगदी नेमका आहे. पण परिसंस्थेत उत्पादक, भक्षक, विघटक सगळेच असतात आणि ती कुणाच्या उपक्रमातून उभी राहत नाही. त्यामुळे ‘परिसंस्था उभारणी’ ही शब्दजोडी मला अर्थानेच चुकीची वाटते. तो शब्द काढा आणि कोण कोण येणार ते सरळ लिहा: बँकेचे अधिकारी, प्राध्यापक, सीए, पहिली ऑर्डर देऊ शकणारा कारखानदार. वाचणाऱ्याला त्यातून जास्त कळेल.

जाता जाता ‘इन्क्युबेटर’बद्दल, म्हणजे नव्या धंद्यांना सुरुवातीच्या काळात जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या केंद्राबद्दल, कारण पुढेमागे तुम्हाला तोही शब्द लागेल. आमच्या इथे आयआयटीत ‘साइन’ नावाचं केंद्र २००४ पासून हेच काम करतंय. ‘उष्मायन केंद्र’ हा घडवलेला शब्द तोंडात बसत नाही आणि ‘उबवणी केंद्र’ म्हटलं की लोकांना पशुसंवर्धन खात्याचं अंडी उबवणी केंद्र आठवतं. पण मूळ शब्द तिथूनच आलाय! न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हिया या लहानशा शहरातला शेतीयंत्रांचा मोठा कारखाना बंद पडला, गावावर बेकारी आली. जोसेफ मॅन्क्युसो यांनी १९५९ मध्ये ती इमारत छोट्या उद्योगांना तुकड्या-तुकड्यांनी भाड्याने द्यायला सुरुवात केली. एका भाडेकरूचा धंदा कोंबडीच्या पिल्लांचा होता. त्यावरून ‘आम्ही इथे उद्योग उबवतो’ असं बोलणं सुरू झालं आणि शब्द जगभर गेला. तेव्हा ‘उबवणी’ बिनदिक्कत वापरा. एका लहान गावाने स्वतःची गरज भागवताना दिलेला शब्द आहे तो.

परळची

पवईकर, हे माहीत नव्हतं, छान सांगितलंत. मुलुंडकर, सरकारी कागदांतून उचललेला ‘नाविन्यता’ मसुद्यात कुठे शिरला असेल तर काढा. ‘नवीन’चं भाववाचक नाम ‘नावीन्य’, ‘वी’ दीर्घ. त्याला परत ‘ता’ लावणं म्हणजे ‘सौजन्यता’, ‘प्रावीण्यता’सारखंच. खात्याच्या नावात तो आहे, म्हणून खात्याचं नाव लिहिताना तसाच ठेवावा लागतो, एरवी नाही.

मुलुंडकर

सर्वांचे मनापासून आभार. ‘रत्नागिरी उद्यम कट्टा’ ठरवतोय. मित्राने ‘द्वितीय श्रेणी शहरासाठी’ असंही एक वाक्य घातलंय, ‘टियर टू’ म्हणून. ठेवावं का?

दादरकर

अजिबात नको. ‘द्वितीय श्रेणी’ मराठीत वाचली की ‘दुय्यम’ असंच ऐकू येतं. शिवाय केंद्राच्या घरभाडे भत्त्याच्या वर्गवारीत ५ लाखांपेक्षा कमी वस्तीची गावं तिसऱ्या, ‘झेड’ गटात येतात. त्या हिशेबाने रत्नागिरी दुसरीसुद्धा नाही. भत्त्याची वर्गवारी माणसांच्या अंगाला कशाला चिकटवायची? ‘रत्नागिरीसाठी’ एवढं पुरेसं आहे.

मुलुंडकर

मान्य, वाक्य काढतो. शेवटचं एकच: ‘फाउंडर’साठी ‘संस्थापक’?

सायनचा कोल्हापूरकर

‘संस्थापक’ म्हटलं की शिक्षणसंस्थेच्या दालनातली हार घातलेली तसबीर डोळ्यांसमोर येते. ‘स्वतःचा धंदा काढलेले आणि काढू पाहणारे’ असं लिहा. धंदा या शब्दाला बिचकू नका, तुमच्या वर्कशॉपवाल्या काकांना तो लगेच आपला वाटेल. आणि पत्ता एसटी स्टँडपासून कसं यायचं ते सांगून द्या, लांजा-राजापूरहून येणाऱ्या मुलांना शेवटची गाडी धरायची असते.