कोंबडीने उंदराचे पिल्लू गिळले : परसातल्या कोंबड्यांना काय खाऊ द्यावे आणि काय नाही?

प्रश्न (अंबाजोगाई तालुका)

नमस्कार. आमच्या घरामागे बारा गावरान कोंबड्या, तीन तलंगा आणि एक कोंबडा आहे. दिवसभर त्या उकिरडा, गोठा आणि परस उकरत फिरतात आणि सायंकाळी थोडी ज्वारी टाकली की खुराड्यात येतात. गेल्या आठवड्यात पावसाआधी कडबा आत घेत असताना गंजीखाली उंदराचे बीळ उघडे पडले. त्यातले डोळेही न उघडलेले एक पिल्लू एका कोंबडीने चोचीत धरून पळवले, बाकीच्या तिच्यामागे लागल्या आणि शेवटी तिने ते सबंध गिळून टाकले.

माझी आई माळकरी आहे. ती स्वतः अंडे खात नाही, परंतु शेजारपाजारच्या लहान मुलांसाठी अंडी तीच आपल्या हाताने देते. हा प्रकार पाहिल्यापासून “असले खाल्लेल्या कोंबडीचे अंडे लेकराला कसे द्यायचे” हा विचार तिच्या मनातून जात नाही. म्हणून मी आठवडाभर कोंबड्यांवर नीट लक्ष ठेवले. माळवदावर वाळत घातलेल्या लाल मिरच्या, म्हशीच्या कासेजवळचे गोचीड, दगडाखालचा लहान विंचू, फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल, मागच्या भिंतीचा चुना आणि स्वतःचीच गळालेली पिसे, एवढे सर्व त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत खाल्ले. यातले काय चालू द्यावे आणि कशापासून त्यांना अडवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (उदगीर, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक)

आपण नेमकी निरीक्षणे लिहिलीत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. कोंबडी दाणे खाणारा पक्षी आहे ही आपली समजूत आपण तिच्यापुढे दाणे टाकतो म्हणून झालेली आहे. तिचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा असून तो बियांबरोबर वाळवी, किडे आणि मिळाल्यास लहान सरडेही खातो. उंदराचे पिल्लू, पाल, बेडकी किंवा सापाचे लहान पिल्लू कोंबडीने खाल्ले तर त्यात अनैसर्गिक काहीच नाही. आपल्या मातोश्रींना एवढे अवश्य सांगावे की खाल्लेले अन्न कोंबडीच्या पोटात पूर्ण पचते आणि त्यातून सुटलेल्या घटकांपासून तिच्या शरीरात अंडे नव्याने घडते. एक अंडे तयार होण्यास सुमारे २४ ते २६ तास लागतात आणि त्यांतले जवळपास २० तास केवळ कवच चढण्यात जातात.

मिरचीची काळजी करू नये. आपल्या जिभेला जे झोंबते ते कॅप्सेसिन पक्ष्यांच्या मज्जातंतूंना जाणवतच नाही, म्हणून कोंबडी लवंगी मिरचीसुद्धा शांतपणे खाते. उलट लाल मिरचीतल्या रंगद्रव्यामुळे बलकाला तांबूस छटा येते. आपल्याकडच्या पांढऱ्या ज्वारीत असे रंगद्रव्य फारच कमी असते, त्यामुळे केवळ ज्वारीवर असलेल्या कोंबडीचा बलक फिकट निघतो. हिरवा लसूणघास, पालक किंवा दसऱ्यानंतर तोरणातून उतरवलेल्या झेंडूच्या पाकळ्या घातल्या तरी तो भरीव पिवळा होतो. गोचीड आणि विंचू त्या खातात हा आपला फायदाच समजावा, मात्र म्हशीला गोचिडांसाठी औषध लावलेले असेल तर काही दिवस कोंबड्यांना गोठ्यापासून दूर ठेवावे.

भिंतीचा चुना आणि पिसे यांकडे मात्र तक्रार म्हणून पाहावे, कारण ती कोंबडी आपल्याला काही सांगत असते. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असते, आणि तेवढे आहारातून मिळाले नाही की ती भिंत टोचू लागते आणि ते भागले नाही तर स्वतःच्या हाडांतले कॅल्शियम वापरते. एका भांड्यात चुनखडीची बारीक खडी किंवा शिंपल्यांचा चुरा कायम भरून ठेवावा, ज्या कोंबडीला गरज असेल ती स्वतःहून खाते. घरातल्या अंड्यांची टरफले द्यायची असल्यास कडक वाळवून बारीक कुटूनच द्यावीत, अन्यथा टरफलाची ओळख पटून त्या स्वतःची अंडी फोडून खाऊ लागतात आणि ही खोड लागली की सहजासहजी मोडत नाही. पिसे खाणे हे बहुधा प्रथिने कमी पडत असल्याचे चिन्ह असते. ज्वारीत प्रथिने सुमारे १० टक्के असतात आणि अंड्यावरच्या कोंबडीला सुमारे १६ टक्के लागतात. तुरीची चुनी किंवा सोयाबीनची पेंड मिसळल्यास ही तूट भरून निघते.

आमच्याकडे जुनी माणसे आणखी एक गोष्ट करीत असत. फुटक्या माठात ओले शेण आणि कडब्याचे तुकडे भरून तो वाळवीच्या जागी संध्याकाळी पालथा घालायचा आणि सकाळी उचलून त्यात जमलेली वाळवी पिल्लांपुढे झटकायची. फुकटात मिळणारा इतका चांगला खुराक दुसरा नाही आणि ही रीत मागे पडली याचे मला मनापासून वाईट वाटते.

थर्माकोल मात्र आजच उचलावा. त्यात पोषण शून्य असते आणि मोठे तुकडे गळ्याखालच्या पिशवीत साचून अडतात.

उत्तर (किनवट, परसातल्या कुक्कुटपालनाचा नऊ वर्षांचा अनुभव)

दादा, वरील सर्व माहिती उपयुक्त आहे, परंतु माझ्या मते खरा धोका आपल्या यादीत नसलेल्या वस्तूंत आहे. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये पेरून उरलेले सोयाबीनचे बियाणे आमच्या ओसरीवर पोत्यातच राहिले होते. त्याला थायरम हे बुरशीनाशक चोळलेले असल्यामुळे दाणे लालसर दिसत होते. पोते एका कोपऱ्यात फाटले आणि कोंबड्यांनी ते दाणे चार दिवस खाल्ले, तरी आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही, कारण कोंबडी दाणेच खात होती. त्यानंतर कवचाविना, नुसत्या पातळ पडद्याची अंडी पडू लागली आणि आम्ही खडी वाढवत राहिलो. थायरममुळे कोंबड्या मऊ कवचाची अंडी देतात आणि पिल्लांच्या पायांची हाडे बिघडतात, हे मला फार उशिरा समजले. त्या काळातली अंडी आम्ही घरात खाल्ली, हे आठवले की आजही मनाला लागते.

प्रक्रिया न केलेले सोयाबीनसुद्धा कच्चे देऊ नये. त्यातल्या एका घटकामुळे प्रथिने पचत नाहीत, भाजल्यावर किंवा उकडल्यावर मात्र तो दोष जातो. गोठ्यातली सरकी किंवा सरकीची पेंड कोंबड्यांनी जास्त खाल्ली, तर काही दिवस ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि पांढऱ्याला गुलाबी झाक येते. पावसात भिजून बुरशी आलेली मका किंवा शेंगदाण्याची पेंड तर कोंबड्यांना कधीच घालू नये.

उत्तर (उदगीर, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक)

ताईंनी अतिशय महत्त्वाचा मुद्दा मांडला. त्याला उंदरांबाबतच एक पुरवणी जोडतो. जिवंत पिल्लू खाल्ले तर हरकत नाही, परंतु घरात किंवा शेतात विषारी आमिष ठेवले असेल तर मेलेला उंदीर कोंबडीपर्यंत पोहोचता कामा नये. कुजलेल्या जनावरावरच्या अळ्या कोंबड्या आवडीने खातात आणि त्या अळ्यांतून बोट्युलिझम या लुळेपणा आणणाऱ्या रोगाचे विष त्यांच्या अंगात जाते. यात आधी पाय लुळे पडतात, नंतर पंख आणि शेवटी मान जमिनीला टेकते. आपल्याकडे मान गेली की लोक मानमोडी समजून लसीच्या मागे लागतात. मानमोडीत, म्हणजे राणीखेत रोगात, मान बहुधा पिळल्यासारखी वाकडी होते आणि धाप व हिरवट हगवण दिसते, बोट्युलिझममध्ये ती दोरीसारखी सैल पडते. हा फरक दिसला तर प्रथम परिसरात काय कुजले आहे ते शोधावे आणि निदानासाठी मेलेला पक्षी परभणी किंवा उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवावा.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. अंडे कसे घडते हे आईला वाचून दाखवले, तेव्हा तिने पुन्हा एकदा वाचायला सांगितले आणि दुपारी शेजारच्या मुलीला चार अंडी स्वतःहून दिली. शिंपल्यांचा चुरा खुराड्यापाशी ठेवला, तर दोन कोंबड्या लगेच त्यावर आल्या आणि त्या दोन्ही भिंत टोचणाऱ्याच होत्या. ताईंचे उत्तर वाचून मी मागच्या खोलीत गेलो. पेरणीसाठी प्रक्रिया करून ठेवलेल्या बियाण्याच्या पिशव्या तिथेच जमिनीवर होत्या आणि त्यांच्या शेजारी एक खुडूक कोंबडी बसलेली होती. पिशव्या आता फडताळावर ठेवल्या आहेत आणि दार लावून घेतले आहे.

उत्तर (किनवट)

फार बरे केलेत. पेरणीच्या दिवशी तिफण भरताना धुऱ्यावर जे दाणे सांडतील तेही लगेच मातीखाली झाकून घ्या, आणि रिकाम्या झालेल्या पिशव्या कोंबड्यांसमोर झटकू नका.